शून्य, निरंक आणि कोरा रकाना



तहसील कार्यालयातून किंवा महानगरपालिकेतून आलेल्या कागदावर 'निरंक' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल. थकबाकी : निरंक. आक्षेप : निरंक. घरी बोलताना हा शब्द कुणी वापरत नाही; 'आज गल्ला निरंक आहे' असे म्हणणारा दुकानदार मला तरी अजून भेटलेला नाही. तो केवळ लेखी व्यवहाराचा शब्द आहे. तरीही मराठीने घडवलेल्या कारकुनी शब्दांपैकी तो मला सर्वांत नेमका वाटतो. निर् अधिक अंक : जिथे अंक नाही ते.

आता थोडे थांबून पाहावे. शून्य हा तर अंकच आहे. मग थकबाकी शून्य असेल तर तिथे एक अंक आहे, आणि तिला निरंक म्हणता येणार नाही. शब्द काटेकोरपणे घेतले तर 'थकबाकी शून्य' याचा अर्थ हिशेब पाहिला आणि बाकी काही निघाली नाही. 'थकबाकी निरंक' याचा अर्थ त्या जागी लिहिण्याजोगा अंकच नाही. व्यवहारात आपण दोन्ही एकच मानतो आणि आपले काही अडत नाही. संगणक मात्र ती मुभा देत नाही. त्याच्या दुनियेत शून्य निराळे आणि 'नल' निराळे. शून्य ही किंमत आहे. 'नल' म्हणजे किंमत नोंदलेलीच नाही ही खूण. आपली दुकाने, पेढ्या आणि बँकेची खाती आता संगणकावरच नांदत असल्याने हा भेद शिकणे यापुढे आपल्यालाही भाग आहे. या महिन्याच्या सदरासाठी म्हणून हीच जोडी निवडली.

आधी शून्याचे कूळ. संस्कृतात 'श्वि' म्हणजे फुगणे. फुगलेले ते आतून पोकळ, त्यावरून शून्य, अशी व्युत्पत्ती सांगतात. आकड्यांऐवजी शब्द योजण्याची जी जुनी पद्धत होती, तिच्यात शून्यासाठी ख, गगन, अंबर, आकाश, बिंदू असे शब्द येतात, आणि गंमत म्हणजे 'पूर्ण' हाही येतो. जुन्या मराठीत शून्याला 'पूज्य' म्हणत. 'गणितात त्याचे ज्ञान पूज्य आहे' हे वाक्य स्तुतीचे नाही, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. आपल्या घरांत तर प्रत्येक साधुसाध्वींच्या नावाआधी हाच शब्द येतो, त्यामुळे तो गणिताच्या वहीत भेटला की हसू आवरत नाही. आपल्या शहरातल्या दखनी बोलीत ऐकू येणारा 'सिफर' हा अरबी शब्दही शून्याचेच भाषांतर. त्यातूनच युरोपातला झीरो जन्मला. 'नल' मात्र लॅटिनमधल्या 'नुल्लुस' या शब्दाकडून आला, त्याचा अर्थ 'एकही नाही'. जर्मन भाषेत आजही शून्य या अंकालाच 'नुल' म्हणतात. म्हणजे हा घोळ केवळ आपला नाही. शब्दांच्या घरी ही दोन भावंडे एकाच ताटात जेवत आली, त्यांची वाटणी संगणकाने केली.

व्यापाऱ्याला हा भेद एका वाक्यात कळतो : कोरा धनादेश आणि शून्य रुपयांचा धनादेश यांत कोणता घातक? शून्य रुपये लिहिलेला धनादेश कुणाच्या हाती पडला तरी आपले काही जात नाही. सही केलेला कोरा धनादेश हरवला तर रात्रीची झोप जाते. रकमेच्या जागी दोन्हीकडे 'काही नाही', पण एकीकडे ते 'काही नाही' लिहिलेले आहे आणि दुसरीकडे लिहायचे राहिलेले आहे. राहिलेल्या जागेत कोणीही काहीही लिहू शकतो, म्हणूनच अक्षरी रकमेपुढे 'मात्र' लिहून रेघ ओढण्याची शिस्त आली. कीर्द-खतावणीत पानाच्या तळाशी जागा उरली तर जुने मुनीम तिथे तिरकी रेघ मारीत. रुपये-आणे-पैच्या काळात पाच रुपये लिहायचे तर ५-०-० असे तिन्ही खान्यांत लिहीत. आण्यांचा खाना मोकळा सोडला तर उद्या तिथे पंधरा आणे उगवतील, ही धास्ती त्यामागे होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आणे-पै गेले; पण '५.००' मधली दोन शून्ये त्याच सावधपणाची वारस आहेत.

दुकानातले एक साधे उदाहरण घेऊ. गुलमंडीवरच्या एखाद्या दुकानाची सहा दिवसांची विक्री अशी समजा : सोमवारी १२,०००, मंगळवारी ९,०००, बुधवारी धो धो पाऊस, दुकान उघडे पण विक्री ०. गुरुवारी नोंद करणारा मुलगा रजेवर, रकाना कोरा. शुक्रवारी ११,००० आणि शनिवारी १३,०००. एकूण बेरीज ४५,०००. रोजची सरासरी किती? एक्सेलसारखा तक्ता सरासरी काढताना कोरा रकाना वगळतो, पण शून्याचा दिवस धरतो. तो ४५,००० ला ५ ने भागून ९,००० सांगेल. कुणी नीटनेटकेपणाच्या हौसेने गुरुवारच्या जागी ० भरला, तर भागाकार ६ ने होईल आणि सरासरी ७,५०० वर येईल. एकही रुपया इकडचा तिकडे झाला नाही, तरी दिवसाचे १,५०० कमी झाले. पुढचा माल कोणत्या आकड्यावर मागवायचा? आणि खरे पाहता दोन्ही आकडे संशयास्पदच आहेत, कारण गुरुवारी विक्री झाली होती. ती किती, ते फक्त लिहिलेले नाही. कोरा रकाना निदान ते प्रांजळपणे सांगतो. शून्य भरले की तक्ता खोटे बोलू लागतो, आणि तेही अगदी सुवाच्य अक्षरांत.

मोठ्या माहितीसाठ्यांत तर नलाचे वागणे आणखी चमत्कारिक. तिथे प्रश्न विचारण्याची जी भाषा रूढ आहे, एसक्यूएल, तिच्यात कोणत्याही विधानाला तीन उत्तरे असतात : खरे, खोटे आणि अज्ञात. नलाची तुलना कशाशीही केली की उत्तर 'अज्ञात'. नल हा नलाइतका आहे काय, असे विचारले तरी उत्तर 'अज्ञात'च. प्रथम हे विचित्र वाटते, पण त्यात शहाणपण आहे. दोन ग्राहकांची उधारी आपल्याला माहीत नाही, म्हणून ती दोघांची सारखीच आहे असे कोण म्हणेल?

यातून एक परिणाम निघतो आणि तो उधारीवर धंदा करणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. संगणकाला सांगितले, ज्यांची बाकी ५०,००० च्या वर आहे त्यांची यादी दे. त्याने दिली. मग सांगितले, ज्यांची बाकी ५०,००० किंवा त्याहून कमी आहे त्यांची यादी दे. तीही दिली. आपल्याला वाटते, दोन याद्या मिळून सगळे ग्राहक आले. तसे नसते. ज्याच्या बाकीचा रकाना कोरा, तो दोन्ही याद्यांत नाही. वसुलीला निघालेला माणूस दोन्ही याद्या खिशात घालून मोंढाभर फिरेल आणि नेमका त्याच दुकानावरून पुढे निघून जाईल. 'रकाना कोरा असलेल्यांची यादी दे' असा तिसरा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो. तो विचारायचे कुणाच्या सहसा मनात येत नाही.

उलट दिशेचा घोळही होतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका गृहस्थांनी हौसेने आपल्या मोटारीच्या पाटीवर 'नल' ही अक्षरे घेतली. ज्या दंडपावत्यांवर वाहनाचा क्रमांक लिहायचा राहिला होता, त्या पावत्या संगणकाने मग त्यांच्या नावे धाडायला सुरुवात केली. २०१९ साली त्यांनी ही हकिगत जाहीरपणे सांगितली तेव्हा दंडाची बेरीज १२,००० डॉलरच्या वर गेली होती. कोऱ्या जागेला मालक सापडला, तो असा.

शून्याचा प्रताप याहून जुना. २१ सप्टेंबर १९९७ रोजी अमेरिकन नौदलाची यॉर्कटाउन ही युद्धनौका व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ होती. एका खलाशाने माहितीच्या एका रकान्यात ० भरले, कुठल्याशा सूत्रात त्या शून्याने भागाकार झाला, आणि संगणकांचे जाळे कोलमडून नौका सुमारे पावणेतीन तास निश्चल राहिली.

शून्याने भागणे! या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच परंपरेत दिलेले आहे, आणि ते देणाऱ्याचा काळ वेरूळच्या लेण्यांशी जोडलेला आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग इ. स. ८१४ मध्ये गादीवर आला आणि त्याने सहा दशकांहून अधिक काळ राज्य केले. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. वेरूळचे कैलास लेणे त्याच घराण्यातल्या पहिल्या कृष्णाच्या काळचे मानतात, आणि ३० ते ३४ क्रमांकांची आपली जैन लेणी, इंद्रसभा आणि जगन्नाथसभा धरून, बहुतांशी राष्ट्रकूट काळातली व त्यानंतरची. 'आदिपुराण' रचणारे आचार्य जिनसेन हे अमोघवर्षाचे गुरू. याच राजाच्या काळात, ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला आणि आरंभी नृपतुंगाची प्रशंसा केली. ज्योतिषाच्या ग्रंथात गणिताचे दोन अध्याय घालायचे ही त्या काळची रीत. महावीराचार्यांचा ग्रंथ मात्र केवळ गणिताचा आहे. व्याज, मुद्दल, भागीदारीतली वाटणी, सोन्याचा कस, यांवरची उदाहरणे त्यात इतकी आहेत की आपल्या पेढ्यांवरचे जुने मुनीम त्यात सहज रमले असते. मद्रासेत रंगाचार्यांनी १९१२ साली तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह छापला. सोलापूरचे ते नाव आपल्या किती घरांत ठाऊक आहे, कोण जाणे.

महावीराचार्य सांगतात : संख्येला शून्याने गुणले तर शून्य येते, आणि संख्येत शून्य मिळवले, वजा केले किंवा संख्येला शून्याने भागले, तर ती संख्या जशीच्या तशी राहते. शेवटचा भाग आजच्या गणिताला मान्य नाही. तो नियम चुकीचा आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आपल्या आचार्यांचा आहे म्हणून तो बरोबर ठरवण्याची ओढाताण मला पसंत नाही. पण तो कसा सुचला असेल याचा विचार करण्याजोगा आहे. माझा तर्क असा की त्यांनी वाटपाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवले. ताटात दहा लाडू आहेत, घ्यायला एकही जण आला नाही. ताटात किती? दहा. उत्तर बिनतोड आहे, फक्त ते निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. भागाकार विचारतो, 'प्रत्येकाच्या वाट्याला किती?' आणि इथे 'प्रत्येक' म्हणण्याजोगे कुणी नाहीच. महावीराचार्यांनी शिल्लक सांगितली. वाटा सांगता येतच नव्हता. वाट्याच्या रकान्यात तिथे १० लिहू नये, ० ही लिहू नये. तिथे निरंकच लिहावे लागते.

इतरांनी याच प्रश्नाशी आपापल्या परीने झुंज घेतली. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे ठरवले. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अशा राशीला 'खहर' म्हटले आणि तिला अनंत मानले. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे जाताना पाटणादेवीचे स्थान लागते. तिथल्या शके ११२८ च्या सुमाराच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे शून्याच्या भागाकाराचे दोन मोठे पक्ष, एकाच्या राजाचे घराणे वेरूळला खोदकाम करीत होते आणि दुसऱ्याचा मठ घाटाच्या पायथ्याशी होता. सुट्टीत मुलांना दोन्ही ठिकाणी नेण्याचा बेत जरूर करावा.

महावीराचार्यांच्या ग्रंथात आणखी एक जागा आहे आणि ती मला भागाकाराच्या नियमाहून मोठी वाटते. ऋण संख्येचे वर्गमूळ काय? ते म्हणतात, ऋण राशी ही स्वभावतःच कुणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. त्यांनी तिथे शून्य लिहिले नाही, एखादे जुळवलेले उत्तरही लिहिले नाही. उत्तर नाही, असे लिहिले, आणि त्याचे कारण दिले. साडेअकराशे वर्षांपूर्वी एका दिगंबर आचार्यांनी रकाना विचारपूर्वक निरंक ठेवला.

इथे वाचकांच्या मनात 'स्याद्वाद' आला असेल. खरे-खोटे-अज्ञात ही संगणकाची त्रयी पाहिली की सप्तभंगीतला 'स्यात् अवक्तव्य' आठवणे साहजिक आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ मध्ये स्याद्वादाची आधुनिक शास्त्राशी सांगड घालणारे लेख लिहिले होते, त्यामुळे ही वाट नवी नाही. तरीही नलाला अवक्तव्य म्हणण्याची घाई करू नये. 'अवक्तव्य' म्हणजे माहीत नाही असे नव्हे. वस्तू एका अपेक्षेने आहे आणि दुसऱ्या अपेक्षेने नाही. ही दोन्ही अंगे एकाच वेळी एका शब्दात सांगता येत नाहीत, हा त्याचा आशय. तिथे ज्ञान आहे, शब्द अपुरा आहे. नलाच्या ठिकाणी शब्द पुरेसे आहेत, ज्ञान नाही.

जैन न्यायात नलाचा खरा सोयरा अन्यत्र सापडतो. यथार्थ ज्ञान नसण्याचे तीन प्रकार तिथे सांगितले आहेत. पहिला संशय : अंधारात दिसते तो खांब की माणूस? दुसरा विपर्यय : शिंपल्याला चांदी समजून बसणे. आणि तिसरा अनध्यवसाय : वाटेने जाताना पायाला काहीतरी लागले, गवत असेल, असो, म्हणून पुढे निघून जाणे. कोरा रकाना हा बहुतेकदा अनध्यवसाय असतो. काहीतरी होते, कुणी लक्ष दिले नाही. तो दोष खराच, पण सौम्य. त्या कोऱ्या जागी आपण ० लिहिले की अनध्यवसायाचा विपर्यय होतो. न पाहिलेल्या शिंपल्याची चांदी म्हणून नोंद झाली! पहिला दोष पुन्हा वाकून पाहिले तर दूर होतो. दुसऱ्यात पुन्हा पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

संगणकशास्त्रालाही हे सहजासहजी उमगले नाही. टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू ही भाषा घडवताना तिच्यात नलाची सोय केली, ती करणे अगदी सोपे होते म्हणून. २००९ मध्ये त्यांनीच एका व्याख्यानात तिला आपली अब्जावधी डॉलरची चूक म्हटले. माहितीसाठ्यांचे तालिकारूप शास्त्र १९७० मध्ये मांडणारे आयबीएमचे एडगर कॉड नलाच्या बाजूचे होते. पण एक नल पुरत नाही, हे त्यांच्याही पुढे ध्यानात आले. त्यांनी दोन खुणा सुचवल्या : 'लागू आहे पण माहीत नाही' ही एक, आणि 'लागूच नाही' ही दुसरी. अविवाहिताच्या पत्नीच्या नावाचा रकाना आणि विवाहिताच्या पत्नीचे नाव लिहायचे राहिलेला रकाना, हे दोन्ही कोरेच दिसतात.

विवाहाचा विषय निघालाच आहे तर आपल्या परिचय-पुस्तिकांकडे पाहावे. 'वार्षिक उत्पन्न' या शब्दांपुढे रेघ असते. वधूपिता ती शून्य म्हणून वाचतो. वरपित्याच्या मनात बहुधा 'भेटीत सांगू' असे असते, क्वचित 'एकत्र कुटुंबाचा धंदा आहे, याचे वेगळे उत्पन्न काढलेच नाही' असेही असते, आणि ही स्थिती आपल्या कुटुंबांत मुळीच दुर्मीळ नाही. तीन अर्थांची एक रेघ. 'संयुक्त व्यवसाय, स्वतंत्र उत्पन्न लागू नाही' एवढे छापायला अर्धी ओळ लागते.

कायदा मात्र ही वाटणी फार कसोशीने करतो. वस्तू व सेवा कराचेच घ्या. मोंढ्यातला व्यापारी सुटी डाळ विकतो, कर शून्य. वाळूज किंवा शेंद्र्यातला कारखानदार माल परदेशी धाडतो, त्यावरही कर शून्य. दोन्ही बिलांवर कराच्या रकान्यात तेच गोल चिन्ह. पण निर्यात ही कायद्याच्या भाषेत 'शून्य दराचा पुरवठा' आहे. कच्च्या मालावर भरलेला कर निर्यातदाराला परत मागता येतो. सुटी डाळ ही 'करमुक्त' आहे. तिच्यासाठी घेतलेल्या बारदानावर वा सेवांवर भरलेल्या कराचे श्रेय डाळवाल्याला मिळत नाही, तो कर त्याच्या खर्चात जातो. एक शून्य 'कर आहे, त्याचा दर ० आहे' असे म्हणते, दुसरे 'इथे कर लागूच नाही' असे. कॉडच्या दोन खुणांचे हे दूरचे नातलगच, फक्त इथे रुपयांत मोजता येतात.

विवरणपत्राचेही तसेच. एखाद्या महिन्यात काही व्यवहार झाला नाही तर 'काही झालेच नाही, मग काय भरायचे?' असा प्रश्न नवा व्यापारी विचारतो. नोंदणी चालू असेल तर 'निल' विवरणपत्र द्यावेच लागते. ते उशिरा दिले तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क पडते. सरकारला आपले शून्य हवे असते. आपले मौन त्याला शून्य वाटत नाही, ते त्याला नल वाटते, आणि नलामागे काय दडले असेल या शंकेचीच ती किंमत आहे. २०२० पासून हे निल विवरणपत्र १४४०९ क्रमांकावर मोबाईलवरून संदेश पाठवूनही देता येते, म्हणजे 'नाही' म्हणायला आता संगणकही लागत नाही.

डीमॅट खात्याच्या वारसनोंदीतही हाच विचार दिसतो. सेबीने २०२१ मध्ये नवीन खात्यांसाठी नियम केला की एकतर नामनिर्देशन करा, नाहीतर 'मला नामनिर्देशन करायचे नाही' असे लेखी द्या. तिसरा मार्ग, म्हणजे रकाना कोरा सोडणे, बंद झाला. बँकेतल्या जुन्या ठेवींवर मात्र अशी सक्ती नव्हती. आजोबांच्या नावच्या ठेवीपावत्या लोखंडी कपाटातून निघतात आणि वारसाच्या जागी काहीच नसते. आजोबांना कुणाचे नाव द्यायचेच नव्हते, की काउंटरवर गर्दी होती आणि राहून गेले, हे आता विचारायचे कुणाला? दहा वर्षे कुणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात. तिथूनही हक्काने परत मिळतात, पण कागदपत्रांची पायपीट करावी लागते. अशा ठेवी शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' संकेतस्थळ आहे. दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी घरच्या सर्व पावत्या काढून वारसाचा रकाना तपासण्याची प्रथा आपण सुरू केली तर लक्ष्मीला ती खचितच रुचेल.

आणि एक रकाना असा आहे की ज्याचा हिशेब रुपयांत होत नाही. रुग्णालयात दाखल करताना जो कागद भरतात त्यात 'औषधांची अॅलर्जी' असा प्रश्न असतो. बरोबर आलेला मुलगा किंवा सून घाईत तिथे रेघ मारते, नाहीतर 'नाही' लिहिते. 'नाही' म्हणजे पूर्वी पेनिसिलिन दिले होते आणि काही त्रास झाला नाही, हे एक. 'नाही' म्हणजे आम्ही कधी विचारले नाही, हे दुसरे. डॉक्टर पहिला अर्थ घेतात, कारण कागदावर तोच लिहिलेला असतो. दहा वर्षांपूर्वी एका गोळीने आईच्या अंगावर पुरळ उठले होते हे आईलाच आठवत असते, आणि आई त्या वेळी बोलण्याच्या स्थितीत नसते. अशा वेळी 'माहीत नाही' हे दोन शब्द लिहायला कसला संकोच? ते वाचून डॉक्टर सावध होतात, पुन्हा विचारतात, पर्यायी औषध निवडतात.

घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्यासाठी एका कागदावर चालू औषधे, आधी झालेले आजार आणि ज्यांनी त्रास झाला ती औषधे त्यांच्याच तोंडून विचारून लिहून ठेवावीत, आणि जे त्यांना आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असेच लिहावे. रक्तगट ठाऊक नसेल तर अंदाजाने भरू नये. रक्त देण्यापूर्वी रुग्णालय तो स्वतः तपासते, तो रकाना त्यांच्यासाठी मोकळा राहू द्यावा.